आवेलिनोच्या घराचा धूर

ओब्दुलिया गोड बोलायची असं तिच्या तोंडावरसुद्धा कुणी म्हणालं नसतं. चौऱ्याहत्तरीची बाई, अंगाने काटकुळी, उजव्या गुडघ्यात अधू, आणि जीभ अशी की पाद्रीबाबाही तिच्या दारावरून जाताना घाईघाईने पावलं उचलायचे. सेर्नादेला गावात तिचं घर सगळ्यांत वरचं. त्याच्या वर घरं नाहीत. नुसता कोउसोचा डोंगर, आणि डोंगरावर तिच्या अकरा घोड्या.

घोड्या म्हणजे दावणीच्या नव्हेत. त्या बारा महिने माथ्यावरच, धुक्यात, पावसात, बर्फात. खायला तिथे तोशोचं काटेरी झुडूप. ते खाऊन खाऊन आमच्या घोड्यांना वरच्या ओठावर मिशा फुटतात, काटे टोचू नयेत म्हणून. उन्हाळ्यात एकदा सगळा गाव मिळून त्यांना हाकत खाली दगडी कोंडवाड्यात आणतो, आयाळ कापतो, शिंगरांना खूण करतो आणि परत सोडून देतो. एरवी त्यांचं नशीब त्यांच्यापाशी. चार शिंगरं झाली की दोन लांडगा नेतो. "यातून तुला मिळतं तरी काय?" असं कुणी विचारलं की ओब्दुलिया म्हणायची, "मनस्ताप. हवा असेल तर अर्धा घेऊन जा."

तिचं लग्न झालं होतं. नवरा देल्मिरो लग्नानंतर दोन वर्षांनी स्वित्झर्लंडला बोगदे खणायला गेला आणि बारा वर्षांनी छातीत दगडाची भुकटी घेऊन परत आला. मरायला त्याने चार वर्षं घेतली. मूलबाळ झालं नाही. "झालं असतं तर तेही बार्सेलोनाला जाऊन बसलं असतं आणि नाताळात फोन केला असता," असं ती म्हणायची, आणि ते म्हणताना तोंड वळवून काहीतरी कामाला लागायची. तर राहिलं काय, तो डोंगर.

डोंगर तिच्या एकटीचा नव्हता. आमच्याकडे डोंगर कुणा एकाच्या नावावर नसतोच. तो सगळ्या गावाचा, आणि गाव म्हणजे कोण, तर ज्याच्या घराचं दार उघडं आहे आणि ज्याच्या धुराड्यातून धूर निघतो तो. डोंगरातला वाटा विकता येत नाही, लेकाला देता येत नाही. कुलूप लावून गेलात, सहा महिने चूल गार राहिली, की यादीतून नाव खोडलं. परत येऊन चूल पेटवलीत की नाव पुन्हा चढलं. ब्वेनोस आयर्सला तुमचे चार बंगले असोत, इथे धूर नसेल तर कोउसोवरचा एक काटासुद्धा तुमचा नाही. एका धुराला एक मत. हा नियम आमच्या खापरपणज्यांचा, त्यांनी कागदावर उतरवला तोही जसाच्या तसा.

हाच डोंगर एकदा गेला होता. ओब्दुलिया सहा वर्षांची असताना सरकारी माणसं आली, माथ्यावर पाइनची रोपं लावली आणि गावाला सांगितलं की आता इथे जनावर चढवायचं नाही. तिच्या आईच्या बकऱ्या सवयीने चढल्या. रक्षकाने दंड केला, परत चढल्या, परत दंड. शेवटी आईने बकऱ्या विकल्या आणि त्या वर्षी बाप परदेशी गेला तो गेलाच. डोंगर परत मिळाला तेव्हा ओब्दुलिया तिशी ओलांडलेली होती. हद्दीचे दगड दाखवायला म्हाताऱ्यांबरोबर ती तीन दिवस पावसात चालली, कारण आईने ते दगड तिला लहानपणी एकेक करून दाखवून ठेवले होते. त्यानंतर पहिलं काम तिने काय केलं, तर दोन घोड्या विकत घेऊन वर सोडल्या.

मग पवनचक्क्यांची कंपनी आली. चौदा पवनचक्क्या, कोउसोच्या माथ्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माणसं सभ्य होती, बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून दगडांवरून उड्या मारत चालायची. ओब्दुलियाने त्यांना काही विचारलं नाही. ती बसने पलीकडच्या आग्राच्या डोंगरावर गेली, जिथे नऊ पवनचक्क्या आधीच उभ्या होत्या, आणि तिथल्या बायकांना विचारलं. त्यांनी सांगितलं, पाया खणताना सुरुंग लावले आणि दोन झरे आटले, आता पाणी टँकरने येतं. घोडे कुठे गेले म्हणून विचारलं, तर त्या बायका म्हणाल्या, "कुठले घोडे? वर एवढा रुंद रस्ता झालाय, वाऱ्यात तो आवाज. घोडे विकले सगळ्यांनी." ती घरी आली ती सरळ एलादियोच्या दारात.

एलादियो गावच्या डोंगर-सभेचा अध्यक्ष, साठीला टेकलेला. त्याला पवनचक्क्या हव्या होत्या. तो वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. त्याला गावच्या रस्त्याची लाज वाटायची, रुग्णवाहिका वर चढत नाही याची चीड यायची, आणि शाळा बंद पडली त्या दिवशी तो रडला होता. त्याचं म्हणणं एवढंच, की वारा फुकट वाहून जातो, त्याचं भाडं घेतलं तर बिघडलं कुठे.

"काकू, घोड्यांवर गाव चालत नाही," तो म्हणाला.

"वाऱ्यावरही चालत नाही. माणसांवर चालतं. आणि माणसांना पाणी लागतं."

"माणसं राहिलीत कुठे? बावीस धूर उरलेत. माझ्या लहानपणी एकोणसत्तर होते."

तिने त्याच्या कुत्र्याला शिवी दिली आणि ती निघून आली.

कंपनीशी झगडण्याच्या त्या दोन वर्षांत ज्याने तिला खरी साथ दिली तो आवेलिनो. आणि गंमत बघा, त्याच्याशी ती अकरा वर्षं बोलत नव्हती. आवेलिनो ओढ्याजवळच्या खालच्या घरात राहायचा, तिच्याहून सात वर्षांनी मोठा, विधुर, पूर्वीचा गवंडी. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं वाजलं होतं आणि मग दोघेही हट्टी. पण कंपनीच्या पहिल्या सभेत हा उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या हाताला लकवा भरला तरी तो या कागदावर सही करायला उठायचा नाही." ओब्दुलिया मागच्या बाकावर होती. सभा संपल्यावर ती त्याच्यापाशी गेली आणि म्हणाली, "पाण्याची पाळी तुझीच होती. मला तेव्हाही माहीत होतं." तो म्हणाला, "मलाही माहीत होतं की तुला माहीत आहे." झालं, भांडण मिटलं. सान्तियागोला सरकारच्या दारावर मोर्चा निघाला तेव्हा दोघांनी गळ्यात गाईच्या घंटा अडकवून पावसात चार तास घालवले, आणि परतीच्या बसमध्ये एकाच फडक्यातली मक्याची भाकरी खाल्ली.

ऑक्टोबरात चेस्टनट वेचताना आवेलिनो घसरला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. त्याची मुलगी नोएलिया विगोहून आली, दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं, आणि तिथून त्याला ती विगोच्या आपल्या पाचव्या मजल्यावर घेऊन गेली. घराला कुलूप लागलं. किल्ली ओब्दुलियाकडे आली, कोंबड्या शेजाऱ्याकडे गेल्या.

मतदान मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी ठरलं होतं. बावीस धूर. ओब्दुलियाने बोटांवर नाही, घरांवरून मोजलं होतं, एकेक दार आठवून. विरोधात बारा, बाजूने दहा. आवेलिनो गेला तर अकरा-दहा. जिंकायला तेवढंही पुरे होतं, पण त्या अकरांत एर्मितास होती, आणि एर्मितासच्या नातवाला कंपनीने पहारेकऱ्याची नोकरी कबूल केली होती. एर्मितास विरोधातच आहे असं सांगायची, पण सांगताना नजर पायाशी असायची. बाजूने हात उचलायला ती धजावली नसती, पण दोन्ही वेळा हात मांडीवरच ठेवला की दहा-दहा, आणि बरोबरीत अध्यक्षाचं मत निर्णायक. संपलंच.

सभेचा नियम तिने काढून पुन्हा वाचला. त्यात माणूस राहायला हवा असं कुठेच नव्हतं. 'उघडं घर आणि धूर' एवढंच होतं. लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातसुद्धा आलं नसेल की धूर असेल आणि माणूस नसेल.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, सगळ्या संतांच्या सणानंतरच्या सोमवारी ओब्दुलिया पाठीवर लाकडांची मोळी घेऊन खाली उतरली, आवेलिनोचं कुलूप काढलं, दार सताड उघडलं आणि चूल पेटवली.

त्यानंतर रोज. सकाळी स्वतःची चूल, मग अर्धा डोंगर उतरून त्याची. उतरायला वीस मिनिटं, चढायला पाऊण तास. गावात सगळ्यांना दिसत होतं, लपवण्यासारखं काय होतं त्यात? बायका हसायच्या. एर्मितास म्हणाली, "देल्मिरो होता तेव्हा एवढी चूल नाही पेटवलीस त्याच्यासाठी." ओब्दुलिया म्हणाली, "देल्मिरोला मत नव्हतं कधी. तो स्वित्झर्लंडला होता." एलादियो एकदा रस्त्यात आडवा आला.

"काकू, हे काही खरं नाही. गार घराला धूर लावायचा म्हणजे मेलेल्याला टोपी घालण्यासारखं."

"आवेलिनो मेलेला नाही. आणि तुझा मामा मेला तेव्हा त्याला टोपी तूच घातली होतीस."

जानेवारीत पायऱ्यांवर बर्फ धरलं आणि ती घसरून पडली. हात सुजला, ताप भरला. तरी तापातच खाली गेली, चूल पेटवली, आणि तिथल्याच बाकावर तीन तास पडून राहिली, कारण परत चढायची ताकद नव्हती. त्या दिवसापासून तिला त्या घरात बसायची सवय लागली. आधी नुसती विस्तव लागेपर्यंत थांबायची, आता ती तिथे कोबीचं कढण करायला लागली, ओल्या भिंतीपाशी खाट ओढून गोधड्या वाळवायला लागली. उंदरांनी कुरतडलेली मैद्याची पिशवी फेकली, खिडकीची फळी ठोकली. आवेलिनो होता तेव्हा ते घर एवढं स्वच्छ कधी नव्हतं. म्हातारी स्वतःशी म्हणायची, हे मतासाठी चाललंय. पण मत काही गोधडीवर बसत नाही. खरं असं की तिला तिथे बरं वाटायचं. दोन चुली पेटवणाऱ्या बाईला आपण एकटे आहोत हे थोडं उशिरा आठवतं.

आणि ती होती पक्की. पुरावा हवा, उद्या कुणी म्हणालं की धूर नव्हता तर? पाव विकणारी साबेला आपली गाडी घेऊन मंगळवारी आणि शुक्रवारी गावात यायची. ओब्दुलियाने तिला सांगितलं, दर खेपेला आवेलिनोच्या धुराड्याचा फोटो काढायचा. तारीख येते ना त्यात?

"येते की काकू. पण ठेवू कुठे एवढे? माझा फोन भरून जाईल धुराने."

"नोएलियाला पाठव. त्यांचं घर, त्यांच्याकडे असू दे. कामाला येतील."

तर साबेलाने पाठवले. नोव्हेंबरपासून मेपर्यंत, आठवड्याला दोन. धुक्यातला धूर, पावसातला धूर, बर्फाच्या छपरावरचा धूर. एकदा दारात ओब्दुलियाही आली फोटोत, हातात राखेची पाटी घेऊन, साबेलाला बाजूला हो म्हणून खुणावताना.

आवेलिनोला तिने त्या काळात दोनदाच फोन केला. दोन्ही वेळा त्याला नीट ऐकू येत नव्हतं. "घर उभं आहे," ती ओरडून सांगायची. तो म्हणायचा, "दिसतं मला. दिसतं." एवढ्यात नोएलिया फोन घ्यायची आणि त्यांना दमायला होतं, म्हणायची.

मेचा शेवटचा रविवार उजाडला. प्रार्थना झाल्यावर सगळे जुन्या शाळेत जमले, मुलांच्या बाकांवर म्हाताऱ्यांनी गुडघे कोंबले. ओब्दुलियाने काळा झगा घातला होता आणि पिशवीत सभेचा नियम, साबेलाने काढलेल्यांतले छापून आणलेले बारा फोटो आणि चष्मा घेतला होता. आज भांडायचं होतं. सात महिने ती मनातल्या मनात हे भांडण करत होती. एलादियो काय बोलणार आणि आपण काय उत्तर देणार, चूल फुंकता फुंकता सगळं पाठ झालं होतं.

एवढ्यात बाहेर गाडी थांबली. नोएलिया उतरली, मागचं दार उघडलं, आणि चार पायांची काठी टेकत आवेलिनो आत आला. किती उतरला होता. कोटाच्या कॉलरमध्ये मान सैल झाली होती. सगळे उठले, कुणी पाठ थोपटली, कुणी रडलं. ओब्दुलिया उठली नाही. आला बाबा. स्वतः आला. आता एर्मितासने हात मांडीवर ठेवला तरी चालेल.

एलादियोने यादी वाचायला घेतली. एकेक नाव, एकेक 'हजर'. आवेलिनोचं नाव आलं तशी ओब्दुलियाने चष्मा लावला आणि पिशवीत हात घातला.

"आवेलिनो," एलादियोने वाचलं. कागदावरून मान वर केली नाही. "उघडं घर, धूर आहे. सगळ्यांनी पाहिला. मान्य."

आणि तो पुढच्या नावावर गेला.

ओब्दुलियाचा हात पिशवीतच राहिला. तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटेना. एलादियो हातातली लढाई अशी सोडणारा माणूस नव्हता. शाळेत असताना तो गोट्यांसाठी दोन दिवस भांडायचा. तिने आवेलिनोकडे पाहिलं. तो पुढच्या बाकावर, तिच्याकडे पाठ करून, काठीवर दोन्ही हात ठेवून बसला होता.

आधी विरोधकांनी हात वर करायचे होते. ओब्दुलियाचा पहिला वर गेला. मग बाकीचे. एर्मितासचाही गेला, बाई गं, उशिरा का होईना, पण गेला, आणि तिच्या नातवाने रागाने खुर्ची मागे सरकवली. एलादियोने मोजले. अकरा.

ओब्दुलियाला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. ती मागून म्हणाली, "आवेलिनो, हात. आता हात वर कर."

आवेलिनोने मागे पाहिलं नाही.

"बाजूने," एलादियो म्हणाला.

दहा हात वर गेले. मग आवेलिनोने डावा हात काठीवरून उचलला, वर नेला, आणि तो मोजला जाईपर्यंत तसाच धरून ठेवला. अकरा. बरोबरी झाली की अध्यक्षाचं मत निर्णायक, हाही खापरपणज्यांचाच नियम. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते असं.

आता हिशेब तुम्हीही करू शकता, आणि त्या खोलीतल्या प्रत्येकाने तो केला. एर्मितास फिरली नव्हती. आवेलिनोची चूल गार राहिली असती, नाव खोडलं गेलं असतं, तर विरोधक अकरा आणि बाजूचे दहा. डोंगर राहिला असता. ओब्दुलियाने बर्फावर आपटून घेऊन, तापात उतरून, सात महिने एकेक लाकूड वाहून ते अकरावं मत गावात आणलं होतं. हे कुणी बोललं नाही. एर्मितास बोलणार होती, तिचं तोंड उघडलेलं दिसलं, पण ओब्दुलियाचा चेहरा पाहून तिने ते मिटून घेतलं.

ओब्दुलिया उठून बाहेर गेली. शाळेच्या अंगणात गाडीपाशी उभी राहिली, कारण त्याला परत जायला तिथेच यावं लागणार होतं. तो आला. नोएलियाने त्याला आत बसवलं, पाय उचलून आत ठेवले. दार उघडंच होतं.

"का?" ओब्दुलियाने विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही. सात महिने पाठ केलेलं सगळं दुसऱ्याच माणसासाठी होतं.

"रागावलीस."

"रागावले नाही तर काय आरती करू तुझी? का, ते सांग."

आवेलिनोने काठी दोन गुडघ्यांमध्ये उभी धरली. मग म्हणाला, "तिथे मला इस्त्रीच्या खोलीत ठेवलंय. खाट घडीची. खिडकीतून समोरच्यांची न्हाणी दिसते. पोरगी चांगली आहे, तिला कामावर जावं लागतं. मी दिवसभर बसून असतो. मंगळवारी पोरीच्या फोनवर फोटो यायचा. शुक्रवारी यायचा. मी बोटाने मोठा करून बघायचो. माझं छप्पर, माझं धुराडं, धूर. बघून बघून असं वाटायला लागलं की आत कुणीतरी मला जेवायला थांबलंय."

ओब्दुलियाने गाडीच्या दारावरचा चिखल बोटाने खरवडला.

"तुझा धूर आला नसता ना, तर घर विसरलो असतो मी. खरंच विसरलो असतो. वृद्धाश्रमात नाव घातलंय तिने माझं, गेलो असतो गुमान. पण मला घरी यायचंय, ओब्दुलिया. मरायला यायचंय, बाकी काही नाही. एलादियो विगोला भेटायला आला होता, म्हणाला, डोंगराचं भाडं तुझ्या वाट्याला येईल त्यातून दिवसरात्र एक बाई ठेवता येईल मला. माझी पेन्शन तेवढ्याला पुरत नाही. मी पुष्कळ विचार केला. डोंगराने मला काय केलंय, असंही आलं मनात. वर तर मी चढू शकत नाही आता."

"घोड्या," ती म्हणाली. "पाणी."

"माहीत आहे. मला सगळं माहीत आहे. तरी हात वर केला." त्याचे डोळे भरले होते आणि तो ते पुसत नव्हता. "तू मला शिव्या दे. पण आता पुढच्या महिन्यात मी येतो. बाई मिळाली की लगेच. एलादियो म्हणाला, सही झाली की पैसे सुरू."

सही झाली की पैसे सुरू होणार नव्हते. करार ओब्दुलियाने अख्खा वाचला होता, त्याच्याच चुलीपुढे बसून, फेब्रुवारीत. भाडं सुरू होणार होतं पवनचक्क्यांची पाती फिरायला लागल्यावर. आधी परवाने, मग रस्ता, मग पाये. आग्राच्या डोंगरावर पाच वर्षं लागली होती. आवेलिनो एक्याऐंशीचा होता.

तिने मान वर करून नोएलियाकडे पाहिलं. नोएलिया गाडीच्या पलीकडे उभी होती, छपरावर हात टेकून, आणि सगळं ऐकत होती. ओब्दुलियाची नजर गेली तशी ती किल्ल्यांकडे बघायला लागली. म्हणजे तिलाही माहीत होतं.

ओब्दुलियाच्या ओठांवर ते वाक्य आलं होतं. एवढंच म्हणायचं होतं, पाच वर्षं, आवेलिनो, पाच वर्षं. त्याला चांगलं लागलं असतं. त्या क्षणी तिला तो इतका नकोसा झाला होता की तिला ते म्हणावंसं वाटत होतं, अगदी त्याच्या कानाशी वाकून, म्हणजे नीट ऐकू येईल. तिच्या आईने दंड भरला, तिचा बाप गेला, तिने दगड मोजले, आणि या माणसाने एक हात उचलला. आणि समोर त्याची ती सैल मान आणि कॉलर. बघवत नव्हतं.

"पुढच्या महिन्यात ना," ती म्हणाली. "ये."

"तोवर घर गार पडू देऊ नकोस."

"नाही पडू देत."

तिने त्याच्या कोटाचं टोक दारात अडकत होतं ते आत खोचलं आणि दार लावलं. गाडी ओढ्याच्या वळणावरून खाली उतरली. मागून शाळेच्या दारातून एलादियोने हाक मारली, हळू आवाजात, "काकू, सभेच्या इतिवृत्तावर सही राहिलीय. तुमची एकटीचीच." ओब्दुलियाने पिशवीतून चष्मा काढला आणि सही करायला आत गेली.